अडीच मुठी रोट, अमळनेर ते स्टुटगार्ट

माझा मुलगा २०१८ मध्ये जर्मनीत गेला, स्टुटगार्टला. तेव्हापासून त्याने घरची कानबाई डोळ्यांनी पाहिली नव्हती. त्याला लांब सुट्टी मिळते ती नाताळात. डिसेंबरात तो घरी येतो तेव्हा भरीत होतं, कळण्याची भाकरी होते, शेवभाजी होते, पण सण एकही नसतो. मी त्याला वाढायची आणि मनात म्हणायची, हे सगळं आहे, पण याचा रोट राहिलाच.

जे खान्देशातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची देवी, बसते. नारळालाच डोळे लावतात, नथ घालतात, लुगडं नेसवतात आणि चौरंगावर मांडतात. रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या, आणि सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन नदीवर विसर्जन. आदल्या दिवशी सुरतकडून येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, कारण उधन्याला, लिंबायतला राहणारा खान्देशी माणूस एरवी कधी आला नाही तरी कानबाईला येतोच. या सणाचा गाभा म्हणजे रोट. आमच्या घरी कुटुंबातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात, त्याबरोबर चण्याची डाळही. ते दळून त्याचं पुरण, पोळ्या होतात. रोट घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. मोजताना कोण हजर आहे आणि कोण नाही हे बघत नाहीत. जन्माला आलेल्या प्रत्येकाची मूठ निघते. माझ्या मुलाचीही दरवर्षी निघत होती. सात वर्षं त्याची मूठ आम्हीच खाल्ली.

मागच्या जुलैत ती त्याच्यापर्यंत पोचली. ज्यांच्यामुळे पोचली त्या अमळनेरच्या पार्सलवाल्या ताईंबद्दल हे लिहिते आहे. आपल्या भागात अशी माहिती तोंडोतोंडीच फिरते, आणि परदेशी मुलं असलेल्या माझ्यासारख्या कितीतरी आया अजून चुकीच्या ठिकाणी पैसे घालवत आहेत. त्यांच्यासाठी हे.

आधी माझा जुना अनुभव. २०२३ च्या दिवाळीला मी दुसऱ्या एका एजंटकडे डबा दिला होता. साजूक तुपातले बेसनाचे लाडू, चकल्या, शेव, अनारसे. एजंटने डबा उघडूनही पाहिला नाही. वजन केलं, चिकटपट्टी मारली आणि कागदावर ‘फूड आयटम’ एवढंच लिहिलं. डबा जर्मनीच्या कस्टममध्ये अडकला. मुलगा सुट्टी टाकून तिथल्या कार्यालयात गेला. त्याच्यासमोर डबा उघडला आणि लाडू बाजूला काढून घेतले. युरोपच्या बाहेरून टपालाने दूध, मांस किंवा त्यांचे पदार्थ पाठवायला बंदी आहे. ही गोष्ट ना मला माहीत, ना त्या एजंटला. लाडू गेल्याचं मुलाने मला महिनाभर सांगितलंच नाही. “मस्त झाले होते” म्हणाला. सुनेच्या तोंडून कळलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नाही.

म्हणून या ताईंकडे गेले तेव्हा मनात धाकधूक होती. त्यांच्या दुकानाला पाटी नाही. घराच्या पुढच्या खोलीत काउंटर, त्यावर वजनकाटा, मागे हवा काढून पिशवी बंद करायचं मशीन, आणि भिंतीवर मराठीत हाताने लिहिलेला मोठा तक्ता. एका बाजूला ‘जातं’, दुसऱ्या बाजूला ‘जात नाही’. देशागणिक वेगळा तक्ता. मी जर्मनीचा वाचत उभी राहिले. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे, तक्ता कसा असावा हे मला कळतं. तो चांगला तक्ता होता.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. मी सांजोऱ्या घेऊन गेले होते, साडेतीन डझन, दोन दिवस खपून केलेल्या. ताईंनी डब्याचं झाकण उघडलं, एक सांजोरी हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, “काकू, तुपात तळेल शेतस का?” मी अभिमानाने हो म्हणाले. त्यांनी सांजोरी होती तशी परत ठेवली, झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. “तूप नई जात तठे.” मी म्हणाले, अहो, तळलेलं तूप, त्यात दूध कुठे आहे? त्या म्हणाल्या, काकू, मला पैसे घ्यायला काय लागतं, पण तिकडे तुमच्या मुलाला ते टाकून द्यावं लागेल आणि ते मला बघवणार नाही.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. घरी येऊन डबा ओट्यावर आदळला. पण संध्याकाळी ते लाडू आठवले. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या तेलात नव्याने तळल्या, सारणातही तूप घातलं नाही. तुपातल्या शेजारी वाटल्या. आज सांगते, या बाईवर माझा विश्वास बसला तो त्या परत केलेल्या डब्यामुळे.

पुरणपोळीलाही त्यांनी नाही म्हटलं. खापरावरचे मांडे मी शेजारणीकडून करून घेणार होते, त्यालाही नाही. दहा-बारा दिवसांच्या प्रवासात ते टिकत नाहीत. आंब्याची पानं, विड्याची पानं, झेंडू, यांनाही नाही. डिसेंबर २०१९ पासून युरोपात ताजी पानं-फुलं-फळं पाठवायची तर वनस्पती निरोगी असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्यातून पाच फळं सुटलेली आहेत: केळी, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ! तक्त्यावर ‘नारळ’ शब्दाखाली ताईंनी हळदीने रेघ ओढली होती. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, कानबाईच्या महिन्यात सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

नारळाचं महत्त्व मला सुनेने फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. तिथल्या दुकानात नारळ मिळतो, पण तिने पाहिलेले सगळे वरून घासून गुळगुळीत केलेले, शेंडी नसलेले. शेंडीशिवाय कानबाई कशी बसवणार? अंबाडा कशाचा घालणार? माझी सून सांगलीकडची. तिच्या माहेरी कानबाई नाही, पण फोटो बघून तिने हे बरोबर हेरलं होतं. मग आम्ही शेंडीवाला नारळ इथूनच पाठवला. ताईंनी तो आधी कानाशी हलवून पाहिला, पाणी वाजतंय का बघितलं, आणि सुती फडक्यात दोनदा गुंडाळून शेंडी वर येईल असा डब्यात उभा बसवला. बाजूने बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, पिशव्या लावल्या. त्यामुळे पुढे बिबड्यांचा चुरा झाला, ते नंतर सांगते.

आता रोट. मी ताईंना विचारलं होतं की तुम्ही कानबाईचा सगळा संच देता तर रोटाचं पीठही तुमच्याकडूनच घेऊ का. त्यांच्याकडे खपली गव्हाचं पीठ होतं, चांगलं होतं. त्या एकदम गंभीर झाल्या. “काकू, रोट काय इकानी चीज शे का?” रोट ही काय विकायची वस्तू आहे? तुमच्या घरी मोजा, तुमच्या घरी दळा, मी पोचवते. मला लाज वाटली. एवढं आयुष्य या घरात काढून हा प्रश्न मी विचारायला नको होता.

पण मोजायचं कधी? आम्ही रोट मोजतो कानबाईच्या आदल्या दोन दिवसांत. २०२५ मध्ये नागपंचमी २९ जुलैला आणि कानबाई ३ ऑगस्टला होती. पार्सलला दहा दिवस आणि वर आठवडाभर हाताशी धरला तर ते १४-१५ जुलैला निघायला हवं होतं. म्हणजे रोट आषाढात मोजायचा. माझ्या धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, वहिनी, श्रावण लागायच्या आत रोट मोजलेला आपल्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नाही, आणि तो घराबाहेर जायचा, तोही समुद्रापलीकडे? त्यांचं चूक नव्हतं. रोट घराबाहेर जात नाही हे मीच त्यांना शिकवलेलं. दोन दिवस घरात कुणी नीट बोलत नव्हतं. शेवटी आम्ही दोघी सासूबाईंपुढे गेलो. त्या ८६ वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं, पण बोलणं साफ आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मूठ त्यान्ही शे ना?” मी म्हणाले, हो. “मंग त्याले धाडी दे. तो जठे शे तठे घर शे.”

आणि मग स्वतःच म्हणाल्या, सूप आण.

तो सोमवार होता. सासूबाई पाटावर बसल्या, गहू सुपात. त्यांचा हात आता थरथरतो. मूठ भरली की बोटांच्या फटींतून चार-पाच दाणे गळायचे, मग त्या ते वेचून परत मुठीत घ्यायच्या. एक मूठ ताटात सोडली, मग चिमटीने पाव मूठ वर. मुलाचं नाव घेतलं, ते घरातलं लाडाचं नाव, जे आता कुणी वापरत नाही. मग माझ्या नातवाची मूठ. तो तीन वर्षांचा, तिकडेच जन्मलेला, सासूबाईंनी त्याला दोनदाच मांडीवर घेतलंय. त्याचं नाव घेताना त्यांनी हात कपाळाला लावला. दोघांच्या मिळून अडीच मुठी. वजनकाट्यावर ते पावणेदोनशे ग्रॅमही भरलं नाही.

दळण मी घरच्या जात्यावर काढलं. दुकानात ताईंनी ती लहानशी पुडी वेगळ्या पिशवीत बंद केली, हवा काढली, वर इंग्रजीत ‘गव्हाचं पीठ, घरगुती’ आणि वजन लिहिलं. मग मार्करने एका कोपऱ्यात मराठीत ‘रोट’ लिहिलं. म्हणाल्या, नाहीतर सूनबाई पोळ्यांच्या पिठात मिसळून टाकतील. अशा पुड्या त्या डब्याच्या मधोमध ठेवतात, कडेला नाही, कारण मार कडेला लागतो.

त्यांच्याकडची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पैशांत मोजण्यासारखी नाही. डबा बंद करण्याआधी त्या एक कोरा फुलस्केप कागद देतात आणि सांगतात, तुमच्या घरची रीत लिहून द्या. छापील माहिती त्या देत नाहीत. प्रत्येक कुळाची मांडणी वेगळी, कुणाकडे एक नारळ, कुणाकडे जोडीने, कुणाचा नैवेद्य वेगळा. मी तिथेच बाकावर बसले. वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. दोन तास लागले. चौरंगाचं तोंड कुठे? डोळे आधी की नथ आधी? गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीत लसूण चालतो का? चाळीस वर्षं हातांनी केलं ते एकदाही शब्दांत मांडलेलं नव्हतं. तीनदा घरी फोन करून सासूबाईंना विचारावं लागलं. एका गोष्टीवर त्या आणि मी वेगळं सांगत होतो, तेव्हा कळलं की लग्नानंतर कधीतरी मी माझ्या माहेरची पद्धत नकळत या घरात आणली होती आणि त्यांनी एका शब्दाने टोकलं नव्हतं. कागदावर मी त्यांची पद्धत लिहिली.

आता व्यवहाराचं. डबा ६.४ किलो भरला. दर किलोला ८५० रुपये, म्हणजे ५,४४० रुपये, शिवाय बांधणीचे २५०. स्वस्त नाही. पण कागदपत्रं त्यात आली. ताई प्रत्येक वस्तू नाव, वजन आणि किमतीसह वेगळी लिहितात. पाठवणारी म्हणून त्या दुकानाचं नाव घालत नाहीत, माझं घालतात, कारण डबा खरोखर आईने मुलाला पाठवलेली भेट आहे. अशी घरगुती भेट ४५ युरोपर्यंत असेल तर तिकडे कर लागत नाही. दुकानातून मागवलेल्या मालाला मात्र जुलै २०२१ पासून अगदी लहान रकमेवरही कर भरावा लागतो. माझ्या वस्तूंची खरी किंमत ३,१०० रुपये झाली, म्हणजे साधारण ३१ युरो. त्यांनी तीच लिहिली. कमी लिहा म्हणणारे लोक येतात, त्यांना त्या परत पाठवतात.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. डबा आठ ते दहा दिवसांत पोचेल असं सांगितलं होतं, १५ जुलैला दिला आणि २६ ला पोचला. माझ्याकडे हातात आठवडा होता म्हणून निभावलं. ट्रॅकिंगचा नंबर त्यांनी तिसऱ्या दिवशी दिला, तोवर मी चार फोन केले. दुपारी एक ते चार त्या फोन उचलत नाहीत, आणि जर्मनीत सकाळ असते ती नेमकी तेव्हा. सरळ सांगून टाकावं की त्या वेळात फोन नाही, म्हणजे माणूस घाबरणार नाही. बिबड्यांचा चुरा झाला, निम्म्याहून जास्त. कानबाईच्या नथीचा एक मोती निसटला होता. तो पिशवीत सापडला आणि सुनेने ओवला, पण नथीला स्वतंत्र कडक डबी हवी. हे मी ताईंना तोंडावर सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

३ ऑगस्टला रविवारी आमच्याकडे संध्याकाळी सात वाजता आरती झाली तेव्हा तिकडे दुपारचे साडेतीन होते. जाऊबाईंनीच फोन चौरंगाशेजारी तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर तिकडची कानबाई दिसली. शेंडीचा अंबाडा, त्यावर माझ्या लग्नातल्या शालूच्या काठाची पट्टी, जी मी डब्यात तळाशी घातली होती. विड्याच्या पानांच्या जागी वेगळीच पानं होती, मोठी, कातरलेल्या कडांची. सून म्हणाली, आई, इथे शहरातच द्राक्षांचे मळे आहेत, ओळखीच्या आजीबाईंच्या वेलीची मागून आणली, चालतील का? सासूबाईंना ओरडून सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, वेलच शे ना, चालस. नातू आधी नारळाच्या डोळ्यांना घाबरून आईच्या मागे लपला होता. मग हळूच पुढे आला आणि वाटीतल्या खिरीचा चमचा कानबाईच्या नथीपर्यंत नेला.

तिकडे रविवारी मोठा आवाज चालत नाही, रात्री दहानंतर तर मुळीच नाही. त्यामुळे जागरण आमचंच त्यांनी फोनवर ऐकलं. आमच्याकडे बारा वाजले तेव्हा त्यांचे साडेआठ. आमच्या बायका गात होत्या, मुलगा तिकडे नुसते ओठ हलवत होता. त्याला सगळी गाणी येतात हे मला माहीत नव्हतं. लहानपणी पडद्यामागे झोपलेला असायचा.

सोमवारी आम्ही बोरी नदीवर गेलो. त्याने तिकडे अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. नेकार नदी घरापासून वीस मिनिटांवर आहे, पण तिच्यात काही सोडायची मुभा नाही, म्हणून गॅलरीत नव्या बादलीत विसर्जन केलं आणि पाणी तुळशीच्या कुंडीत घातलं. नारळ त्यांनी जपून ठेवला आहे. अडीच मुठींच्या पाच लहान पोळ्या झाल्या. तिघांनी खाल्ल्या, शेजारच्या मैत्रिणीने मागितली तर सुनेने तिला वेगळ्या पिठाची करून दिली. रोट त्याच दिवशी संपला, पौर्णिमेची वाट बघावी लागली नाही.

ज्यांना पुढच्या कानबाईसाठी पाठवायचं आहे त्यांनी लक्षात ठेवा: २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे श्रावण उशिरा येतो. नागपंचमी १७ ऑगस्टला आणि कानबाई २३ ऑगस्टला. ताई सांगतील दहा दिवस, तुम्ही धरा पंधरा. जुलै संपेपर्यंत डबा देऊन टाका. बिबडे पाठवू नका, पाठवायचेच तर टिनच्या डब्यात. तुपाचं काही नेऊ नका, त्या घेणार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. रीत लिहायला घरून वही घेऊन जा आणि सोबत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला न्या. सासूबाईंना मी या वेळी रिक्षाने नेणार आहे, त्या आत्तापासून विचारताहेत, सूप संगे लेऊ का?